रेड्डी, राव, नायडू... मग तेलुगू माणसाचं आडनाव नेमकं कुठं असतं?

निख्या_हडपसर

मंडळी नमस्कार, घाईत आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, मुलगी हैदराबादची, तेलुगू, दोघं एकाच ऑफिसात. घरात सगळं गोडीगुलाबीत चाललंय, अडलंय ते पत्रिकेवर. प्रिंटरला मजकूर द्यायचाय आणि तिकडून व्हॉट्सॲपवर जी नावं आलीत ती बघून माझी मती गुंग झालीय. मुलीच्या वडिलांच्या नावाआधी एक अक्षर आणि शेवटी रेड्डी. मुलीच्या पासपोर्टवर सरनेमच्या जागी भलताच शब्द, रेड्डी कुठंच नाही. तिच्या भावाच्या नावात तो शब्द पण आहे आणि रेड्डी पण आहे. आईच्या नावात दोन्ही नाही, सरळ अमुकअम्मा आणि पुढे एक इनिशियल. चौघं एकाच घरात राहतात, आणि नावं वाचली तर वाटतं चार वेगळ्या घरातनं गोळा केलेत.

भावाला विचारलं तर तो म्हणे मी तिला विचारलेलं, ती म्हणाली रेड्डी हे आमचं आडनाव नाहीये, एवढं बोलून हसली आणि विषय बदलला. आता आडनाव नाही तर मग काय आहे? माझ्या टीममध्ये आजवर कितीतरी रेड्डी येऊन गेले, कुणी नेल्लोरचा कुणी करीमनगरचा, मी सगळ्यांना रेड्डी म्हणूनच हाक मारायचो, कुणी काही बोललं नाही. वर आमच्या मामांनी वेगळंच पिल्लू सोडलंय की रेड्डी, राव, नायडू ह्या सगळ्या पदव्या आहेत, सरकारने दिलेल्या, रावबहादूर वगैरे असायचे तशा. खरं का हे? जाणकारांनी प्रकाश टाका, शोधून झालंय, नेटवर ह्या विषयात जातींच्या हाणामारीपलीकडे काही सापडत नाही.

देगलूरचा_बाळू

अभिनंदन निखिलभाऊ! मी देगलूरचा, आमच्या बाजारात तेलुगू आल्याशिवाय भाजी पण धड मिळत नाही, त्यामुळं हा घोळ लहानपणापासून पाहिलाय.

आडनाव शेवटी येतं हे आधी डोक्यातून काढा. तेलुगूत ते पहिलं येतं. त्याला इंटिपेरू म्हणतात, म्हणजे घराचं नाव. मग माणसाचं स्वतःचं नाव. आणि मग शेवटी कुणाकुणाला रेड्डी, राव, नायडू, चौधरी, राजू, शास्त्री, गौड असं काहीतरी जोडलेलं, ज्याला आपण आडनाव समजून बसतो. नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती होते ना, आमच्या शाळेत निम्मी पोरं समजायची की नीलम नावाच्या कुणी बाई होत्या. नीलम हे त्यांचं इंटिपेरू. तसंच सर्वपल्ली राधाकृष्णन, सर्वपल्ली हे नेल्लोरकडचं गाव. वराहगिरी वेंकट गिरींचं पण तेच, वराहगिरी हे घराणं. बरीचशी इंटिपेरू अशी गावावरून आलीत, आपल्या कर-वाल्या आडनावांसारखी, फक्त कर नाही लावत.

आता इनिशियल्स. आपल्याकडे आडनावाआधी दोन अक्षरं असली की पहिलं स्वतःचं, दुसरं वडिलांचं. तिकडं पहिलं अक्षर बहुतेक वेळा इंटिपेरूचं. पी. व्ही. नरसिंह राव, पी म्हणजे पामुलपर्ती. (१९८४ ला हनमकोंड्यात चंदुपटला जंगा रेड्डींनी त्यांना पाडलं आणि आपल्या रामटेकने लोकसभेत पाठवलं, ८९ ला परत रामटेकनेच, तरी इथं किती जणांना पामुलपर्ती माहीत असेल?) व्ही. व्ही. एस. लक्ष्मण, पहिला व्ही म्हणजे वंगीपुरपु, आणि लक्ष्मण हे त्याचं स्वतःचं नाव, आडनाव नव्हेच. पी. व्ही. सिंधू, पुसर्ला वेंकट सिंधू. आणि सगळ्यात आपल्या जवळचं उदाहरण सी. के. नायडू, १८९५ मध्ये नागपुरात जन्म, १९३२ ला भारताच्या पहिल्यावहिल्या टेस्टचे कॅप्टन. सी म्हणजे कोत्तारी, के म्हणजे कनकय्या. धाकटे भाऊ सी. एस. नायडू, त्यांचा सी पण कोत्तारीच. म्हणजे घर ओळखायचं ते त्या सी वरून, नायडूवरून नाही.

तुमच्या ऑफिसातले सगळे रेड्डी एकमेकांचे कुणी लागत नसणार. लग्न जमवताना बघा ना, इंटिपेरू आणि गोत्र एक निघालं तर ते भाऊबंद, सोयरीक बंद. रेड्डी-रेड्डी लग्न मात्र रोज होतात, नव्हे घरच्यांना तेच हवं असतं.

आणि हे शेवटचं शेपूट बापाला आहे म्हणून पोराला असेलच असं काही नाही. नारा चंद्राबाबू नायडू, मुलगा नारा लोकेश, नायडू गायब. नारा दोघांत आहे. तिकडं के. चंद्रशेखर राव यांचा मुलगा के. टी. रामा राव, तिथं राव दिसतो तर वाटतं बापाकडून आला, पण त्याचं नाव सिनेमातले नट आणि आंध्रचे मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांच्यावरून ठेवलेलं, तारक रामा राव, म्हणजे राव नावातच शिवून आलाय. दोघांचं घराचं नाव कलवकुंटला.

शेंगदाणा_लाडू

राव तर आपलंच आहे हो. बाजीराव, माधवराव, मल्हारराव. तंजावरपर्यंत आपले लोक गेले तेव्हा वाटेत वाटत गेले असतील :)

देगलूरचा_बाळू

@शेंगदाणा, राजा, राय, राव ही एकच साखळी आहे, दोन्हीकडं आपापली आली, त्यावर आपला शिक्का मारायची गरज नाही. कृष्णदेवराय काय पुण्याहून गेलेला का? फरक वापरात आहे. आपण कुणालाही राव लावतो, सासऱ्याला, दुकानदाराला, आत्ता मी तुम्हाला लाडूराव म्हटलं तरी चालतं. तिकडं गारू लावतात तसं. त्यांचा राव मात्र नावात पक्का बसतो आणि कागदावर येतो. आपले राज्यपाल होते ना विद्यासागर राव, २०१४ ते १९, पेपरवाले नुसतं राव लिहायचे, त्यांचं इंटिपेरू चेन्नमनेनी. ते वेलमा, चंद्रशेखर राव पण वेलमा, नरसिंह राव नियोगी ब्राह्मण, एन. टी. रामाराव कम्मा. राव ऐकून नातं तर सोडा, जात पण कळत नाही. म्हणून रावला नुसतं राव म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं.

पूर्वभाग_सोलापूर

आम्ही पद्मशाली, पणजोबा तेलंगणातून आले मागावर काम करायला, आता घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि भांडताना दोन्ही. आमच्याकडं जे झालं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

इंटिपेरू आमच्यात पण पुढंच होतं. जुन्या वह्यांत, लग्नाच्या याद्यांत गुर्रम मल्लय्या, चिलका नरसय्या असंच लिहिलेलं सापडतं. पण सोलापुरात शाळेचा फॉर्म मराठी, पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मास्तरांनी विचारलं आडनाव काय, आजोबांनी इंटिपेरू सांगितलं, ते गेलं शेवटी. झालं मल्लय्या नरसय्या गुर्रम. तिकडं आंध्रात जे पुढे राहिलं ते आमच्याकडं मागं आलं, आणि वडिलांचं नाव मधे घुसलं जे तिकडं कुणीच लावत नाही. आज वरंगलचे पाव्हणे आमची मार्कशीट बघून हसतात की ह्यात तीन माणसांची नावं आहेत.

रेड्डी-रावसारखं शेपूट आमच्या बहुतेकांना नाही. अय्या, अन्ना, अम्मा हे शेवट होते, आदराचेच, पण ते नावालाच चिकटलेले. पुढच्या पिढीने ते पण काढले. आजोबा नरसय्या, वडील नरसिंग, मी तर पक्का मराठी नाव घेऊन फिरतो. आता फक्त शेवटच्या शब्दावरून ओळखू येतं की हा पूर्व भागातला. आमचे माजी आमदार नरसय्या आडम बघा, आडम मास्तर म्हणतात सगळे. मास्तर ही मानाची हाक लोकांनी दिलेली, पण ती त्यांच्यापुरतीच. असं काही शंभर-दोनशे वर्षं चाललं असतं आणि पुढच्या पिढ्यांनी कागदावर घेतलं असतं तर मास्तर पण आडनाव झालं असतं, रेड्डीचं वेगळं काय झालंय. पंतुलूचं तेच. पंतुलू म्हणजे शिकवणारा ब्राह्मण, आपल्याकडचे पंतोजी, आणि टंगुटुरी प्रकाशम पंतुलू १९५३ ला आंध्रचे पहिले मुख्यमंत्री.

निख्या_हडपसर

भारी माहिती. म्हणजे मुलीच्या पासपोर्टवर जो शब्द आहे तो इंटिपेरू, आणि वडिलांच्या पुढचं ते एक अक्षर पण तोच. उजेड पडतोय थोडाथोडा. मग लग्नानंतर नक्की काय बदलतं? आणि पत्रिकेत काय छापू?

बंजारा_हिल्सची_वहिनी

निखिल, हे मी सांगते, कारण मी उलट्या दिशेने गेलेय, साताऱ्याची मुलगी हैदराबादच्या घरात.

राव, नायडू ही जुन्या पद्धतीत पुरुषांचीच. बायकांच्या नावात फक्त घराचं नाव आणि स्वतःचं नाव, जुन्या बायकांना शेवटी अम्मा. एन. टी. रामारावांच्या मुलीचं बघ, माहेरचं नंदमुरी, लग्न दग्गुबाटी घराण्यात, आता दग्गुबाटी पुरंदेश्वरी. नवऱ्याच्या नावात राव आहे, दग्गुबाटी वेंकटेश्वर राव, तिच्या नाही. चंद्रशेखर रावांची मुलगी कलवकुंटला कविता, राव नाही. वाय. एस. राजशेखर रेड्डींची मुलगी वाय. एस. शर्मिला, आणि हे वाय. एस. म्हणजे येदुगुरी संदिंटी, इंटिपेरू. बरं हे घराणं ख्रिश्चन आहे, धर्म बदलला तरी रेड्डी गेलं नाही, हे पण लक्षात घे. तर लग्नात बदलायचं असलं तर इंटिपेरू बदलतं, शेपूट बदलायचा प्रश्न येत नाही, असलंच तर दोन्ही घरी तेच असतं कारण लग्न जातीत झालेलं असतं. तुमच्यासारख्या लग्नात हा हिशोब मोडतो, चांगलंच आहे.

अलीकडे मुलीपण रेड्डी लावतात, विशेषतः शहरात शिकलेल्या, कारण फॉर्मवर सरनेमचा रकाना असतो आणि कुणी काय भरलं ते त्या दिवशीच्या क्लार्कवर आणि बापाच्या मूडवर. भावाचं सरनेम रेड्डी, बहिणीचं इंटिपेरू, हे आमच्याही घरात आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर जे छापलं गेलं ते जन्मभराचं. ज्यांनी पासपोर्टवर सगळं नाव एकाच रकान्यात कोंबलं त्यांच्या अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफ एन यू छापून येतं, म्हणजे नावच ठाऊक नाही. आणि तिकडं स्थायिक झाले की इंटिपेरू नावाच्या शेवटी नेतात, सत्या नाडेल्लाचं नाडेल्ला तसंच.

माझं ऐकशील तर कागदावर तिचं नाव बदलू नका, लग्नाच्या सर्टिफिकेटवर भागतं सगळं. पत्रिकेत वडिलांचं नाव त्यांनी पाठवलंय त्याच क्रमाने छाप, फक्त ते एक अक्षर आहे ना तिथं पूर्ण इंटिपेरू लिही, कारण तिकडच्या पाहुण्यांना त्यावरूनच कळतं कुणाकडचं लग्न. आधी श्री. आणि शेवटी गारू दोन्ही लावलंस तरी चालतं, तिकडं लावतात. मुलीच्या नावाआधी ते चि. ल. सौ. लिहितात, चिरंजीवी लक्ष्मी सौभाग्यवती, आपलं चि. सौ. कां. दोन्हीकडच्यांना कळेल, काहीही ठेव. आणि तिच्या नावात मधे वडिलांचं नाव कृपा करून घुसडू नकोस, आमच्याकडच्या प्रिंटरने ते केलं होतं, आमच्या लग्नाला आलेले निम्मे लोक समजले मुलाचं लग्न कुणा दोन बायकांशी आहे की काय.

आता मजा ऐक. माझं माहेरचं आडनाव पाटील. पहिल्या भेटीत सासूबाईंनी विचारलं, मी इंटिपेरू एंटी? तुमचं घराचं नाव काय? मी म्हटलं पाटील. त्या म्हणाल्या ते झालं गं, ते काम झालं, घराचं नाव काय?

पुरातत्व_नाही_तत्त्व

वहिनी, तुमच्या सासूबाईंना साष्टांग नमस्कार. हाच मुद्दा लिहायला आलो होतो.

पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही आपली अर्धी आडनावं म्हणजे पदंच आहेत. मराठा पाटील, लेवा पाटील, आगरी पाटील, जैन पाटील, कोण कुणाचा? लग्नाच्या वेळी आपण पण विचारतोच की मूळ आडनाव काय, देवक काय. पाटीलकीची नोकरी महाराष्ट्रात १ जानेवारी १९६३ ला कायद्याने संपली, आंध्रात पटेल-पटवारी, करणम-मुन्सब १९८४ ला एन. टी. रामारावांनी घालवले, आडनावं कुठं गेली? तेलंगणातले मुन्नुरू कापू अजून पटेल लावतात. फरक एवढाच की आपल्याकडं पदाने मूळ आडनाव गिळून टाकलं, तिकडं इंटिपेरू पुढं टिकून राहिलं म्हणून दोन्ही दिसतात.

निखिलच्या मामांना सांगा, पदव्या हे बरोबर, सरकारने दिल्या हे नाही. काकतीयांच्या काळातले, १२व्या-१३व्या शतकातले शिलालेख घेतले तर रेड्डी, नायक, शेट्टी, बोया असे शब्द लोकांच्या नावांना लागलेले आहेत, पण माणूस काय करतो आणि त्याचं वजन किती एवढंच ते सांगतात. गावचा पुढारी तो रेड्डी, हत्यारबंद माणसं बाळगून असलेला नायक, व्यापारी तो शेट्टी. बाप-लेकांच्या पदव्या वेगवेगळ्या असल्याचीही उदाहरणं आहेत, म्हणजे नारा लोकेशची परंपरा बरीच जुनी म्हणायची. १३२३ ला काकतीय बुडाले आणि लगेच प्रोलय वेमा रेड्डीने किनाऱ्याकडच्या आंध्रात स्वतःचं राज्य मांडलं, पुढे कोंडवीडू राजधानी, शंभरेक वर्षं चाललं. राज्य आलं की शब्दाला भाव येतो. विजयनगरात नायक म्हणजे सैन्य पुरवायच्या बदल्यात मुलूख सांभाळणारा, नायकुडूचं नायुडू, त्याचं नायडू. ते पद ज्यांनी ज्यांनी भोगलं त्या सगळ्यांत ते आज आहे, चित्तूरचे चंद्राबाबू कम्मा, श्रीकाकुळमचे किंजरापु राममोहन नायडू वेलमा, शिवाय बलिजा. सरोजिनी नायडू तर जन्माने बंगाली चट्टोपाध्याय, नायडू त्यांना मिळालं डॉ. गोविंदराजुलू यांच्याशी लग्न झाल्यावर.

जातीचं पक्कं लेबल होणं हे बरंच अलीकडचं. ब्रिटिश काळात रेड्डी शेतकरी बऱ्याच ठिकाणी कापू म्हणूनच नोंदले जात. मग जनगणना, जातीच्या सभा, होस्टेलं, निवडणुका, आणि शेपूट हळूहळू पक्कं बसलं.

पण ह्या धाग्यात एक गोष्ट राहिली. ज्यांना शेपूट नव्हतं त्यांचं काय? निजामाच्या तेलंगणात विस्नूरचा देशमुख कुप्रसिद्ध होता, रापाका रामचंद्र रेड्डी. एका माणसाला घराचं नाव, मानाची पदवी आणि सरकारी पद, तिन्ही. त्याच्याशी जमिनीसाठी भिडलेली पालकुर्तीची बाई चिट्याला ऐलम्मा, तिला जग ओळखतं चाकली ऐलम्मा म्हणून. चाकली म्हणजे धोबी जात. तिचं इंटिपेरू बाजूला पडलं आणि जात पुढं आली. गरिबाच्या नावामागं दोरा लोक, म्हणजे गढीतले मालक, गाडू लावायचे, आपल्याकडं रामाचा राम्या करतात त्यातलाच प्रकार. म्हणजे पदवी मानाची पण असते आणि उतरवायची पण असते.

मग कुणी ती फेकून दिली. पुच्चलपल्ली सुंदरय्या, कम्युनिस्ट पुढारी, जन्माचं नाव सुंदररामी रेड्डी, रेड्डी काढून टाकलं. विजयवाड्याचे नास्तिक गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, त्यांनी इंटिपेरू आणि नाव यांची पहिली अक्षरं घेऊन गोरा केलं आणि मुलांची नावं लवणम, समरम अशी ठेवली, लवणम मिठाच्या सत्याग्रहावरून, जेणेकरून नावावरून जात-धर्म काहीच काढता येऊ नये. आणि दुसऱ्या टोकाला मंदा कृष्णा मादिगा, मादिगा ही तिकडची एक अनुसूचित जात. ७ जुलै १९९४ ला प्रकाशम जिल्ह्यातल्या ईदुमुडी गावात मादिगा आरक्षण आंदोलन सुरू झालं तेव्हा ह्या लोकांनी ठरवलं की रेड्डी जर रेड्डी लावतो तर आम्ही मादिगा का नाही. जो शब्द शिवी म्हणून तोंडावर मारला जायचा तो नावाच्या शेवटी, अगदी रेड्डीच्या जागी. अनुसूचित जातींच्या वर्गीकरणाची त्यांची मागणी सुप्रीम कोर्टाने १ ऑगस्ट २०२४ ला मान्य केली. माझ्या मते ह्या सगळ्या शेपटांत विचार करून, किंमत मोजून लावलेलं हे एकच, बाकी सगळी वारशात आलेली.

साधा_वाचक७

अहो लग्नाचा धागा आहे, पत्रिका छापायचीय त्याला, तुम्ही सुप्रीम कोर्टात नेऊन सोडलं. प्रत्येक ठिकाणी जात आणलीच पाहिजे का?

पुरातत्व_नाही_तत्त्व

मी आणली नाही साहेब, धाग्याच्या नावातच बसलीय, पहिलाच शब्द वाचा. मुलगी रेड्डी हे आमचं आडनाव नाही म्हणून हसली आणि विषय बदलला, ती उगाच बदलेल का?

बंजारा_हिल्सची_वहिनी

ते दोघं भांडू देत. निखिल, एक सांगायचं राहिलं, लग्नाच्या गडबडीत तिकडचे लोक नाव कमी आणि इंटिपेरू जास्त बोलतात. अमुक वारि अम्मायि म्हणजे अमक्यांकडची मुलगी, अमुक वारि अब्बायि म्हणजे अमक्यांकडचा मुलगा. तुमचं आडनाव कळलं की तुमचा भाऊ पण त्या आडनावाने वारि अब्बायि होणार, तेव्हा सगळ्यांना मुलीकडचे नातेवाईक नीट पाठ करायला लावा, रेड्डीगारू म्हणून हाक मारलीत तर मांडवात दहा माना वळतील.

डर्बनवाला_जोशी

उशिरा आलो. इथं दक्षिण आफ्रिकेत हाच प्रकार वेगळ्याच टोकाला गेलाय. १८६० मध्ये मद्रासहून पहिलं जहाज इथल्या नाताळ वसाहतीत आलं, उसाच्या मळ्यांवर राबायला करारावर माणसं, त्यात तेलुगू पुष्कळ. इथं आल्यावर गोऱ्या सरकारला आडनाव हवंच होतं, मग पदवीच आडनाव झाली, घरादारासकट, बायकांना पण. नायडूचं स्पेलिंग इथं शेवटी दोन ओ लावून करतात, टेलिफोन डिरेक्टरीत पानंच्या पानं असायची. रेड्डी आहेत, चेट्टी आहेत. फिजीत पण तेच, तिथले मोठे पुढारी जय राम रेड्डी, पुढे जय राम असं छान उत्तरेकडचं नाव आणि मागं रेड्डी.

माझ्या शेजारचे नायडू, तेलुगू एक अक्षर येत नाही, पण उगादीला घरी पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, असतो. मुलाला हल्ली मूळ शोधायचं वेड लागलंय. मी त्याला इंटिपेरूबद्दल सांगितलं तर तो आर्काइव्हमधून जहाजाच्या यादीचा फोटो घेऊन आला. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, इतके सगळे रकाने आहेत. इंटिपेरूला रकाना नाही. गावाचं नाव मात्र नीट वाचता येतंय, विशाखापट्टणमकडचं आहे. देगलूरचे बाळू, तुमचं तेलुगू चांगलं दिसतंय, फोटो वैयक्तिक निरोपात पाठवतो, गावाचा उच्चार तेवढा सांगाल का?